माती सैल होते तेव्हा

झाडाची ओळख ही माणसाच्या ओळखीइतकीच सावकाश पटणारी गोष्ट आहे. आपण नाव विचारतो, नाव कळते, आणि ओळख झाली असे समजून पुढे जातो. वस्तुतः नाव कळणे हा ओळखीचा केवळ उंबरठा होय. वसईच्या वाडीत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे निराळे सांगायला नको. केळ राजेळी की वेलची हे नुसत्या पानावरून सांगणारी, आंब्याच्या कलमाला यंदा मोहोर येणार की पालवी हे फांदीचा शेंडा पाहून ओळखणारी माणसे आपण पाहिली आहेत. त्यांनी वनस्पतिशास्त्राचे एक पानही वाचलेले नव्हते. त्यांनी झाडांबरोबर वर्षे काढली होती.

मला मात्र वयाची पन्नाशी ओलांडल्यावर अशा मुलखात जावे लागले, जेथे एकाही झाडाशी माझी ओळख नव्हती. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरोंटोच्या उत्तरेस, सिम्को सरोवराच्या बाजूला असलेल्या एका लहान धर्मग्रामात २०२१ साली माझी नेमणूक झाली. एके काळी पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे मिशनरी येत. आता तिकडे धर्मगुरूंची उणीव आहे आणि आपल्याकडचे धर्मगुरू तिकडे जातात. लोक प्रेमळ होते, चर्च सुंदर होते, पण सकाळी प्रार्थनापुस्तक घेऊन आवारात फेऱ्या मारताना आजूबाजूची झाडे माझ्याकडे परक्यासारखी पाहत. त्यांतल्या एका लहानशा झाडाशी माझी ओळख झाली, ती एका मृत्यूमुळे. त्या झाडाला मराठीत नाव नाही, कारण ते आपल्याकडे नाही. तिकडे त्याला ‘सर्व्हिसबेरी’ म्हणतात.

आपल्याकडे मृत्यू आणि दफन यांच्यात फार अंतर नसते. सकाळी चर्चची घंटा वाजते, निरोप पोचतात, आणि संध्याकाळी आपण कबरीत मूठभर माती टाकून परत येतो. शोक नंतर वर्षभर चालतो. पण देह मातीला मिळाला, एवढे एक समाधान त्याच दिवशी पदरी पडते. जानेवारी २०२२ मध्ये आमच्या धर्मग्रामातील एका वसईकर कुटुंबातले वृद्ध गृहस्थ वारले. मुलगा नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाला होता आणि आईवडिलांना त्याने उतारवयात आपल्याजवळ नेले होते. त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणत असे. चर्चमध्ये मिस्सा झाली, गीते झाली, शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडले. आणि दफन मात्र झाले नाही.

तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते. वसईत बसून हे वाक्य वाचणाऱ्याला वाटेल, की आपल्याकडे डिसेंबरात गवतावर दंव पडते तसेच काही असावे. प्रत्यक्षात मातीतले पाणीच बर्फ होऊन बसते आणि माती दगडासारखी टणक होते. हा गोठा इतका खोल उतरतो, की घराचा पाया सुमारे ४ फूट खाली न्यावा लागतो. मोठ्या शहरांतील दफनभूमींत यंत्राने जमीन फोडून भर हिवाळ्यातही कबर खणतात. परंतु खेड्यापाड्यांतील अनेक लहान दफनभूमी बर्फ पडू लागले की बंद होतात. शवपेटी एका बंदिस्त कोठडीत सुरक्षित ठेवतात आणि वसंतात, माती सैल झाल्यावर, दफनविधी करतात. ही प्रथा जुनी आहे. टोरोंटोहून उत्तरेकडे जाणाऱ्या यंग स्ट्रीट या जुन्या रस्त्याच्या कडेच्या गावांत १९ व्या शतकातली छोटी अष्टकोनी घरे दफनभूमीच्या आवारात अजून उभी दिसतात. हिवाळ्यात वारलेले लोक त्या घरांत वसंताची वाट पाहत.

मुलाला हे सारे ठाऊक होते. मावशींना ते कोणी नीट समजावून सांगितले नव्हते. दर रविवारी मिस्सेनंतर त्या दाराशी थांबत आणि हलक्या आवाजात म्हणत, “फादर, ते अजून वरच आहेत हो.” या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नसे. मी त्यांचा हात हातात घेई, आणि बाहेर बर्फ पडत राही.

याच दिवसांत शेजारच्या एका आयरिश वंशाच्या वृद्धेने त्यांना एक गोष्ट सांगितली. या देशात एक लहान झाड आहे. रानात बाकी सारे काळे आणि उघडे असते तेव्हा ते पांढऱ्या फुलांनी भरून जाते. त्याला फूल आले की समजावे, जमीन मोकळी झाली. पूर्वी डोंगराळ भागात वाटा बर्फाने बंद होत. वसंतात फिरते धर्मोपदेशक घोड्यावरून गावोगाव पोचत आणि हिवाळ्यात वारलेल्या माणसांचे अंत्यविधी करीत. अंत्यविधीला इंग्रजीत ‘सर्व्हिस’ म्हणतात. म्हणून ते झाड सर्व्हिसबेरी. मावशींनी ही गोष्ट मनात घट्ट धरली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या यजमानांना मातीच्या स्वाधीन केले. त्या दिवशी दफनभूमीपलीकडच्या रानाच्या कडेला दोन-तीन झाडे खरोखरच पांढरी झाली होती. मावशींनी माती टाकली, हात झटकले आणि त्या झाडांकडे बोट करून मुलाला म्हणाल्या, “असलं एक झाड आपण लावू या.”

मला त्या क्षणी निराळेच ओझे जाणवले. गोष्ट हृद्य होती, परंतु नावाची ती व्युत्पत्ती खरी नव्हती.

सेमिनरीत शिकलेले थोडेफार लॅटिन अशा वेळी आठवते. रोमन लोक ‘सोर्बस’ नावाच्या एका झाडाची फळे खात असत. दक्षिण युरोपातले हे झाड पुढे इंग्रजांच्या परिचयाचे झाले. लॅटिन नावावरून जुन्या इंग्रजीत ‘सिर्फे’ असा शब्द झाला, त्याचे ‘सर्व्ह’ झाले, आणि त्याच्या अनेकवचनी रूपाचे लोकांच्या तोंडी ‘सर्व्हिस’ झाले. इंग्रज वसाहतवाले अटलांटिक ओलांडून अमेरिकेत उतरले तेव्हा त्यांना तिकडच्या रानात जुन्या ओळखीच्या फळासारखी फळे असलेले एक झाड दिसले, आणि त्यांनी ते जुने नाव या नव्या झाडाला दिले. परदेशी गेलेला माणूस असेच करतो. अनोळखी वस्तूला घरातल्या वस्तूचे नाव देतो. याचा अर्थ, नाव आधीचे आणि अंत्यविधींची गोष्ट नंतरची. शब्दाचे मूळ विसरले गेल्यावर लोकांनी त्याला आपल्या अनुभवातला अर्थ जोडला.

धर्मगुरूच्या जीवनात असा प्रसंग नवा नाही. सांत्वनासाठी सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी आपण ऐकतो. त्यांतल्या काही खऱ्या असतात, काही केवळ गोड असतात. कच्च्या पायावर उभे केलेले सांत्वन पहिल्या पावसात खचते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तथापि नुकतेच वैधव्य आलेल्या वृद्धेपुढे शब्दांची व्युत्पत्ती मांडत बसणे हाही शहाणपणा नव्हे. मी असे ठरविले, की आपण होऊन ही गोष्ट मोडायची नाही आणि आपल्या तोंडून ती सांगायचीही नाही. मे महिन्याच्या अखेरीस चर्चच्या आवारात, दफनभूमीच्या कुंपणालगत रोप लावले, तेव्हा मी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. नावाविषयी काही बोललो नाही.

रोप लावण्याच्या कामी आमच्या धर्मग्रामातले एक निवृत्त विज्ञानशिक्षक मदतीला आले होते. ते आणि मावशी यांच्यात त्या दिवशी छोटासा वाद रंगला. मुलगा व मी दुभाषे. मावशींचे म्हणणे, खड्डा चांगला खोल हवा, तळाला खत हवे आणि बुंध्याभोवती खोलगट आळे हवे. शिक्षकांचे म्हणणे नेमके उलट. खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, परंतु दुप्पट-तिप्पट रुंद असावा, कारण मुळे आडवी पसरतात. बुंधा जेथे मुळांकडे रुंद होत जातो तो भाग जमिनीच्या पातळीवर उघडा राहिला पाहिजे. तो गाडला तर झाड काही वर्षांनी कुजते. खड्ड्यात निराळी भुसभुशीत माती आणि खत भरले तर मुळे त्या सुखातून बाहेर पडायला तयार होत नाहीत. आणि बुंध्याशी खोलगट आळे ठेवले तर वसंतात वितळलेले पाणी तेथेच साचून राहते.

दोघेही आपापल्या मातीशी प्रामाणिक होते. आपल्याकडे आठ महिने पाऊस नसतो, म्हणून पाणी धरून ठेवणे ही वाडीची विद्या. तिकडे पाणी निघून जाणे महत्त्वाचे. शेवटी समेट झाला. मुळांच्या गड्ड्याबाहेरून मातीचा वर्तुळाकार बांध घातला, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात दिलेले पाणी वाहून जाणार नाही. आणि पानगळीनंतर तो मोडून टाकायचे ठरले. वर दोन-तीन इंच लाकडाच्या ढलप्या पसरल्या, पण बुंध्याला त्यांचा स्पर्श होऊ दिला नाही. मावशींनी दोन उन्हाळे नेमाने पाणी घातले. त्याखेरीज या झाडाने काही मागितले नाही. त्याला ऊन आवडते, थोडी सावली चालते, माती किंचित आम्ल असली तर बरे. हिवाळ्यात ससे कोवळी साल कुरतडतात, म्हणून बुंध्याभोवती तारेची जाळी बसवावी लागते, तीही बर्फाच्या थरापेक्षा उंच. कारण बर्फ साठला की ससा त्यावर उभा राहून वरचे खातो. जुनिपरची झाडे मात्र जवळ नसलेली बरी. तांबेरा नावाची एक बुरशी अर्धे आयुष्य जुनिपरवर आणि अर्धे याच्यासारख्या झाडांवर काढते, आणि ओल्या वसंतात पानांवर व फळांवर नारिंगी डाग पाडते.

रोपाला रोपवाटिकेची चिठ्ठी होती. तीवर लॅटिन नाव होते ‘अमेलँकियर कॅनाडेन्सिस’, म्हणजे कॅनडाची सर्व्हिसबेरी. शिक्षकांनी चिठ्ठी वाचली, रोपाकडे पाहिले आणि म्हणाले, “फादर, हे ते नव्हे, असे मला वाटते. पण आज सांगणार नाही. एक वर्ष थांबू या.” मला नवल वाटले. झाडाचे नाव सांगायला वर्ष कशाला हवे? पुढच्या वर्षभरात मला ते कळले.

प्रथम हे झाड सर्व्हिसबेरीच आहे, अन्य काही नव्हे, हे पाहायचे. ते गुलाबाच्या कुळातले, सफरचंद आणि नासपती यांचे भावंड. याची खूण फळात सापडते. पेरूच्या बुडाशी फुलाचा वाळलेला मुकुट राहिलेला असतो, तो आपण लहानपणी नखाने खुडला आहे; तसाच पाच पाकळ्यांचा लहान मुकुट सर्व्हिसबेरीच्या वाटाण्याएवढ्या फळाला असतो. रानातल्या चेरीला तो नसतो आणि चेरीत एकच कठीण आठोळी असते. सर्व्हिसबेरीत सफरचंदासारख्या पुष्कळ लहान मऊ बिया असतात. हिवाळ्यात फळे नसली तर साल पाहावी. चेरीच्या कोवळ्या सालीवर आडव्या रेघा असतात. याची साल गुळगुळीत, राखी, आणि तिच्यावर उभ्या गडद रेषा. कळ्या लांब, निमुळत्या, टोकदार. पाने एकाआड एक, कडेला बारीक करवतीसारखे दाते. फुले पाच अरुंद पांढऱ्या पाकळ्यांची आणि घोसांत.

एवढे झाल्यावर खरी अडचण सुरू होते, ती म्हणजे यातली जात कोणती. जगात या प्रजातीच्या सुमारे वीस जाती मानतात. त्यांतल्या बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या. युरोपात आणि पूर्व आशियात एखाद-दुसरी. लिनियस या थोर शास्त्रज्ञाने १७५३ साली यातल्या एका जातीला ‘मेडलर’ या वेगळ्याच फळझाडाच्या घरात बसविले होते. १९१२ साली विगंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्वेकडच्या जातींची नीट मांडणी करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यानंतरही अभ्यासकांचे वाद मिटले नाहीत. त्याचे कारण झाडांच्या संसारात आहे. या जाती एकमेकींशी सहज संकर करतात. शिवाय त्यांच्यातली कित्येक झाडे फलन न झालेल्या अंडपेशीतूनही बी धरतात. अशा बियांतून उगवलेले रोप हुबेहूब आईसारखे असते. त्यामुळे एखादा संकर आपले सारे गुण घेऊन पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि त्याला स्वतंत्र जात म्हणावे की नाही, हे ठरविणे कठीण होते.

यास्तव निर्णायक खूण वर्षातून एकदाच, फुलोऱ्याच्या आठ-दहा दिवसांतच दिसते. मे २०२३ मध्ये आमच्या झाडाला पहिल्यांदा फुले आली. शिक्षक भिंग घेऊन हजर झाले आणि आम्ही दोघे त्या चार फूट झाडापुढे गुडघे टेकून बसलो. चिठ्ठीवरची कॅनाडेन्सिस ही अटलांटिक किनाऱ्यालगतच्या पाणथळ जागांतली. तिला जमिनीतून अनेक सरळ फांद्या फुटतात, घोस ताठ उभे राहतात आणि फुलण्याच्या वेळी कोवळ्या पानांवर राखी लव असते. ‘आर्बोरिया’ या वृक्षरूपी जातीत फुले येतात तेव्हा पाने जेमतेम उलगडू लागलेली आणि रुपेरी लवेने झाकलेली असतात. तिची फळे कोरडी आणि बेचव. ‘लेव्हिस’ या जातीत घोस खाली झुकलेले, पाने अर्धी वाढलेली, लव जवळजवळ नाहीच, आणि पानांचा रंग तांबूस. फळे रसाळ व गोड. पश्चिमेकडची ‘आल्निफोलिया’ तर गोलसर पानांवरून दुरूनच ओळखू येते. तिच्या पानाला दाते असतात ते वरच्या अर्ध्या भागातच.

आमच्या झाडाची कोवळी पाने पाहून मला आंब्याची पालवी आठवली. तोच तांबूस, ओलसर रंग, जो पुढे हिरव्यात विरून जातो. घोस झुकलेले होते. भिंगातून पाहिल्यावर पानाच्या पाठीवर किंचित लव दिसली. ती काही दिवसांत झडून गेली. रंग लेव्हिसचा, लव आर्बोरियाची, आणि फुले दोघींपेक्षा मोठी. शिक्षकांनी निर्णय दिला: हा त्या दोघींचा संकर, ‘ग्रँडिफ्लोरा’, म्हणजे मोठ्या फुलांची. बागांतून शोभेसाठी लावतात ती बहुतेक झाडे याच संकराची असतात. ती २० ते २५ फुटांपर्यंत वाढतात, आणि शरद ऋतूत पेटल्यासारखी तांबडी-नारिंगी होतात. चिठ्ठ्यांवर मात्र त्यांना सर्रास कॅनाडेन्सिस म्हटलेले आढळते.

मावशी बाकावर बसून आमची ही झाडपरीक्षा पाहत होत्या. मुलाने त्यांना सांगितले, की चिठ्ठीवरचे नाव चुकीचे निघाले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी वर्षभर वाट पाहत होतो.

“फादर, तुम्ही लॅटिन शिकलात. ते दुसरं नाव तरी बरोबर आहे ना? मयतीच्या सर्व्हिसवरून पडलेलं?”

विचारल्यावर खरे सांगणे भाग होते, आणि आता ते सांगता येण्याजोगेही होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि सारे सांगितले. जुने रोमन झाड, इंग्रजांचा उच्चार, समुद्र ओलांडून गेलेले नाव. लोकांनी ती गोष्ट मागाहून रचली, हेही सांगितले. बोलताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो चेहरा पडला नाही. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या:

“मग त्यात काय, फादर? आपल्या वाडीतलं सीताफळ काय सीतामाईनं लावलं होतं? तरी नाव राहिलंच ना? आणि माती कधी सैल झाली ते मला कोणी सांगायला नको. मी तिथं उभी होते. समोर फुललेलं झाड मी ह्या डोळ्यांनी पाहिलं.”

मी त्यांना म्हणालो, की सीताफळही मूळचे अमेरिका खंडातले, समुद्रापलीकडून आपल्याकडे आलेले. त्या हसल्या. यजमान गेल्यापासून मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. “म्हणजे ते इथलं तिथं गेलं, आणि आम्ही तिथले इथं आलो,” असे म्हणून त्या उठल्या आणि पाण्याची झारी भरायला गेल्या.

त्या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला आहे. आम्हा शिकलेल्या लोकांना वाटते, की श्रद्धाळू माणसाचा आधार गोष्टीत असतो आणि गोष्ट काढून घेतली तर तो कोसळेल. मावशींचा आधार गोष्टीत नव्हताच. माती मऊ झाली, देह मातीला मिळाला, आणि त्याच दिवशी रान पांढरे झाले होते, हे त्यांनी पाहिले होते. नाव चुकीच्या वाटेने आले असेल. पण झाड त्या वेळी फुलते हे खरे आहे, आणि का फुलते तेही कळण्याजोगे आहे. हवा आणि माती उबदार होऊ लागली की गेल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेल्या कळ्या उमलतात, आणि तीच ऊब जमिनीतले बर्फ वितळवते. फूल आणि कबर ही दोन्ही एकाच उबेने उघडतात. पुनरुत्थानकाळातच हे घडावे, याविषयी मी प्रवचन केले नाही. मावशींनी ते माझ्याआधीच जाणले होते.

त्याच झाडाला इतर लोकांनी आपापल्या जगण्यातून इतर नावे दिली आहेत. हडसन आणि डेलावेअर या नद्यांच्या काठी त्याला ‘शॅडबुश’ म्हणतात. कारण ते फुलते तेव्हा शॅड नावाचा मासा, आपल्याकडच्या हिलशासारखा, समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो. कोळ्याला त्या फुलांत मासा दिसला. जून महिन्यात फळे पिकतात म्हणून कोणी त्याला ‘जूनबेरी’ म्हणतात. पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातील क्री लोकांच्या भाषेत त्याच्या फळांना ‘मिसास्क्वातोमिना’ म्हणतात. ही फळे वाळवून, सुकवलेले मांस आणि चरबी यांत कांडून ते ‘पेमिकन’ नावाचे टिकाऊ अन्न करीत. त्यावर लांबचे प्रवास आणि हिवाळे निभत. १८८२ साली टोरोंटोच्या एका मद्यपानविरोधी संस्थेने तिकडे वसाहतीसाठी जागा निवडली, आणि त्या क्री शब्दावरून तिचे नाव पडले ‘सॅस्काटून’. आज ते मोठे शहर आहे. कोळी, शिकारी, शोकाकुल माणूस. प्रत्येकाने त्याला आपल्या गरजेच्या वेळी पाहिले आणि त्या वेळेचे नाव दिले.

जुलै २०२४ मध्ये आमच्या झाडाला ओंजळभर फळे आली. ती आधी लाल आणि मग जांभळटकाळी होतात. काळी झाल्यावरच तोडावीत. चव करवंद आणि जांभूळ यांच्या मधली वाटावी, पण तुरटपणा कमी. आणि बी दाताखाली आली की बदामाचा वास. पिकण्याचा दिवस पक्ष्यांना आपल्याआधी कळतो. डोक्यावर तुरा आणि शेपटीला पिवळी किनार असलेले सीडर वॅक्सविंग पक्षी थव्याने येतात आणि एका सकाळीत झाड रिकामे करतात. मावशींच्या नातवाने जाळी टाकू या म्हटले. त्यांनी टाकू दिली नाही. पाच-सहा फळे नातवाला दिली, दोन मला, एक स्वतः खाल्ले, आणि बाकीची पाखरांची म्हणून सोडली.

वसईतल्या पुष्कळ कुटुंबांची मुले आज कॅनडात आहेत. तुम्ही कधी त्यांच्याकडे एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात गेलात, तर रानाच्या कडेला पाहा. सारे काही अजून उघडे असताना जे लहान झाड पांढरे दिसेल, त्याच्याजवळ जा, कोवळ्या पानाला हात लावा, लव आहे की नाही पाहा. नाव लगेच कळले नाही तरी हरकत नाही. मुलांना एखादे लावायचे असेल तर शक्यतो रोपच आणा. बी पेरायचीच असेल तर ती आधी तीन-चार महिने ओल्या थंडीत राहिली पाहिजे. थेट उबेत ठेवलेली बी तशीच पडून राहते. थंडीचे ते महिने पुरे झाल्यावरच तिला कोंब फुटतो.